सेफ्ट्रियाक्झोनची कुपी उघडण्यापूर्वी

वर्षा ऋतू सरता सरता ग्रामीण भागातील चिकित्सालयात ज्वराच्या रुग्णांची जी रीघ लागते, तिचा अनुभव आपणां सर्वांस आहे. पेरणी-खुरपणीची मजुरी बुडू नये म्हणून रुग्ण तीन-चार दिवस ताप अंगावर काढतो आणि मग संध्याकाळी येऊन म्हणतो, "डॉक्टरसाहेब, गोळ्या नकोत, सुईच द्या." त्याच्या मागणीत अज्ञान असेल, पण लबाडी नाही, त्यास उद्या कामावर जावयाचे असते. अशा वेळी चिकित्सकाचा हात ज्या कुपीकडे सर्वांत आधी जातो, ती बहुधा सेफ्ट्रियाक्झोनची असते. हे औषध प्रभावी आहे, दिवसातून एकदा देऊन भागते आणि आता स्वस्तही झाले आहे. नेमक्या याच तीन गुणांमुळे ते निष्काळजीपणे वापरले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याच चिकित्सालयात घडलेला प्रसंग येथे सांगतो. ज्वर आणि वारंवार छर्दी यांमुळे गळून गेलेल्या एका मध्यमवयीन शेतमजुरास मी आर. एल. सलाईन लावले होते. लक्षणे आंत्रिक ज्वराची होती. मी मदतनीसास एक ग्रॅम सेफ्ट्रियाक्झोन सावकाश देण्यास सांगितले व पुढील रुग्णाकडे वळलो. थोड्या वेळाने परत आलो तो सलाईनच्या नळीत पांढुरके, ताकासारखे द्रव उतरताना दिसले. तत्काळ नळीचा चाप बंद केला, संपूर्ण संच काढून टाकला, दुसऱ्या हाताची शीर घेतली. रुग्णास काही अपाय झाला नाही. मदतनिसाने सांगितले तेच केले होते. आर. एल. चालू आहे हे मला ठाऊक होते आणि त्यात कॅल्शियम असते हेही मला ठाऊक होते. दोन गोष्टी एकत्र आठवण्याइतकी उसंत मात्र मी घेतली नव्हती. प्रस्तुत लेख त्या न घेतलेल्या उसंतीविषयी आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आधुनिक औषधे वापरण्याचा आपला अधिकार सरसकट नाही. होमिओपॅथीच्या चिकित्सकाने आधुनिक औषधे दिल्याच्या पूनम वर्मा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राची चिकित्सा करणे हाच निष्काळजीपणा ठरविला. १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात त्याच न्यायालयाने, ज्या राज्याच्या कायद्याने अधिकार दिला असेल तेथेच व तेवढ्याच मर्यादेत भारतीय चिकित्सापद्धतीच्या पदवीधरास ही औषधे लिहिता येतील, असे सांगितले. म्हणून ज्यांची नोंदणी, राज्याचा नियम आणि घेतलेले प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी अनुकूल आहेत त्यांनीच हे औषध हाती घ्यावे. इतरांसाठी पुढील मजकूर रुग्ण योग्य ठिकाणी वेळेत पाठविण्यापुरता उपयोगी आहे, आणि तो उपयोगही लहान नाही.

द्यावे की न द्यावे

सेफ्ट्रियाक्झोन हे सेफॅलोस्पोरिन वर्गातील तिसऱ्या पिढीचे प्रतिजैविक. १९८० च्या दशकात ते वापरात आले. शरीरातून अर्धे औषध बाहेर पडण्यास सुमारे आठ तास लागतात, म्हणून बहुतेक व्याधींत ते चोवीस तासांतून एकदा देता येते. मूत्र व पित्त अशा दोन्ही मार्गांनी त्याचे उत्सर्जन होते. आंत्रिक ज्वर, फुफ्फुसाचा जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा तीव्र संसर्ग, मस्तिष्कावरणाचा शोथ यांत ते खरोखर प्राण वाचविते. मात्र विषाणुजन्य ज्वरात, डेंग्यूत, साध्या प्रतिश्यायात त्याचा काडीमात्र उपयोग नाही. नवज्वरात औषधाची घाई न करता लंघन, उष्णोदक आणि दोषपाचन यांवर भर देण्याची आपली परंपरा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या ज्वरात रुग्ण नीट तपासून, धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री करून थांबणे, हे त्या परंपरेतही बसते आणि आजच्या प्रतिजैविक-शास्त्रातही.

विडाल तपासणीच्या एका चिठ्ठीवर आंत्रिक ज्वराचे निदान करून इंजेक्शनांचा क्रम सुरू करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ज्या भागात हा रोग नेहमीचाच आहे तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही ही तपासणी काही प्रमाणात सकारात्मक येऊ शकते. शक्य असेल तेथे प्रतिजैविक देण्यापूर्वीच रक्ताचा जंतुसंवर्धनासाठी नमुना घ्यावा. एक मात्रा गेल्यावर त्याचे मोल घटते. आणि निदान खरे असेल तर 'तीन सुया' हा आकडा कोठून आला, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. आंत्रिक ज्वरात हे औषध साधारणतः दहा ते चौदा दिवस द्यावे लागते. प्रकृती सुधारल्यावर उरलेला क्रम योग्य तोंडी औषधाने पूर्ण करता येतो. शिवाय औषध अचूक असूनही ज्वर उतरण्यास चार ते सात दिवस लागू शकतात. हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या दवाखान्यात असतात आणि तेथे दुसरे प्रतिजैविक सुरू झालेले असते.

याच्या उलट बाजूही आहे. तीन-चार दिवस औषध देऊनही ज्वर तसूभर हलत नाही, डोकेदुखी तीव्र आहे, रुग्ण शेतात वा झुडपांत वावरणारा आहे, अशा वेळी त्याचे कपडे सैल करून काख, जांघ, कंबर, स्त्रीरुग्णात संमतीने स्तनाखालील भाग पाहावा. विडीने चटका दिल्यासारखी काळी खपली आढळली तर तो स्क्रब टायफस आहे. सूक्ष्म कीटकांच्या अळ्यांच्या दंशाने होणाऱ्या या व्याधीवर सेफ्ट्रियाक्झोनचा परिणाम होत नाही, डॉक्सिसायक्लिन लागते. २०१८ साली नागपूर व विदर्भात या रोगाने जे थैमान घातले, त्याचे स्मरण तेथील व्यवसायबंधूंना असेलच. खपली नसली तरी शंका सोडू नये.

थांबणे जेथे गुन्हा ठरेल असे प्रसंग थोडे, पण निश्चित आहेत. ज्वरासह मान ताठ होणे, शुद्ध हरपत जाणे, अंगावर जांभळे डाग, किंवा रक्तदाब खालावून हातपाय थंड पडणे, अशा रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे असते. परंतु तेथे पोहोचण्यास दोन तास लागणार असतील तर पहिली मात्रा देऊन, ती चिठ्ठीवर वेळेसह लिहून पाठवावे. मस्तिष्कावरणशोथाच्या शंकेत प्रौढास ही मात्रा दोन ग्रॅमची असते.

विचारावयाचे प्रश्न आणि हाताशी ठेवावयाची अँप्यूल

"पूर्वी कधी ॲलर्जी झाली होती का?" या प्रश्नास आपला रुग्ण "नाही" असेच उत्तर देतो, कारण त्यास प्रश्न कळलेला नसतो. "कोणत्या गोळीने वा सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडला होता का?" असे विचारले की घरातील वडीलधारी स्त्री हमखास एखादा प्रसंग सांगते. सेफॅलोस्पोरिन वर्गातील कोणत्याही औषधाने अशी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर सेफ्ट्रियाक्झोन वर्ज्य. पेनिसिलीनविषयी पूर्वी पुस्तकांतून दहा टक्के रुग्णांत परस्पर प्रतिक्रिया येते असे शिकविले जाई. तो आकडा फुगलेला होता आणि सेफ्ट्रियाक्झोनची रासायनिक बाजूसाखळी निराळी असल्याने प्रत्यक्ष धोका बराच कमी आहे, हे आता मान्य झाले आहे. तरीही पेनिसिलीनने ज्याचा श्वास कोंडला होता वा रक्तदाब कोसळला होता, त्यास लहान चिकित्सालयात हे औषध देण्याचे धाडस करू नये.

त्वचेखाली थेंबभर औषध टोचून पाहण्याची चाचणी अनेक जण कर्तव्यबुद्धीने करतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु या चाचणीत फोड आला नाही म्हणून पूर्ण मात्रेने प्रतिक्रिया येणार नाही, अशी हमी मिळत नाही. चाचणीचा खरा तोटा असा की ती झाल्यावर चिकित्सक निर्धास्त होतो. त्यापेक्षा इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णास समोरच्या बाकावर बसवून ठेवणे अधिक उपयोगाचे.

आणि ॲड्रेनॅलिन. सेफ्ट्रियाक्झोन ठेवणाऱ्या ज्या चिकित्सालयात ॲड्रेनॅलिनची मुदतीतील अँप्यूल नाही, त्याने सेफ्ट्रियाक्झोनही ठेवू नये, इतके हे साधे आहे. इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, आवाज घोगरा होणे, घशात घरघर, छातीत आवळल्यासारखे वाटणे, पोटात कळ, चक्कर यांपैकी लक्षणे दिसू लागली आणि श्वास वा रक्ताभिसरण बाधित झाले, की विलंब नको. एक मि.लि. मध्ये एक मि.ग्रॅ. या तीव्रतेचे ॲड्रेनॅलिन प्रौढास अर्धा मि.लि., मांडीच्या मध्यभागी बाहेरील बाजूस, स्नायूत द्यावे. बालकास वजनाच्या दर किलोस ०.०१ मि.लि. या हिशेबाने. पाच मिनिटांत सुधारणा न दिसल्यास पुन्हा द्यावे. रुग्णास आडवे ठेवावे, पाय उंच करावेत. दम लागत असल्यास टेकून बसवावे. परंतु उठवून चालवू नये. आपल्याकडे अशा वेळी प्रथम एव्हिल आणि डेक्सोना शोधले जाते. ही औषधे नंतरची आहेत. त्यांनी खाज कमी होते, कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. पहिला जोर ओसरल्यावर काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उलटू शकते, म्हणून रुग्ण बरा दिसला तरी रुग्णालयात पाठवावाच.

मात्रा, अनुपान आणि मर्म

'अनुपान' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. औषध कशाबरोबर द्यावे यावर त्याचा गुण-दोष ठरतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. कुपीतील चूर्ण स्नायूत द्यावयाचे असेल तर एक ग्रॅमसाठी एक टक्का लिग्नोकेनचे साडेतीन मि.लि. द्रावण वापरावे, अन्यथा वेदना फार होते. बाजारात सहसा दोन टक्क्यांचे लिग्नोकेन मिळते, ते समभाग शुद्ध पाण्याने सौम्य करावे. ॲड्रेनॅलिन मिसळलेले लिग्नोकेन या कामी घेऊ नये. एका जागी एक ग्रॅमहून अधिक देऊ नये. हेच लिग्नोकेनयुक्त द्रावण चुकून शिरेत गेले तर हृदयगती बिघडू शकते. म्हणून स्नायूसाठी तयार केलेली सिरिंज कोणत्याही कारणाने शिरेस लावावयाची नाही. रुग्ण "दुखते हो, शिरेतूनच द्या" म्हणाला तर नवी कुपी उघडावी. शिरेवाटे देण्यासाठी एक ग्रॅम चूर्ण दहा मि.लि. इंजेक्शनच्या शुद्ध पाण्यात विरघळवून दोन ते चार मिनिटांत सावकाश द्यावे, किंवा सलाईनमधून किमान अर्ध्या तासात. द्रावणाचा फिकट पिवळा ते मधासारखा रंग स्वाभाविक आहे. गढूळपणा वा कण दिसल्यास टाकून द्यावे.

प्रौढाची नेहमीची मात्रा दिवसास एक ते दोन ग्रॅम. बालकांत वजनाच्या दर किलोस पन्नास ते पंचाहत्तर मि.ग्रॅ.; म्हणजे दहा किलोच्या मुलास दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे मि.ग्रॅ. मस्तिष्कावरणशोथात हे प्रमाण शंभरपर्यंत जाते, मात्र ती चिकित्सा आपल्या चिकित्सालयात करावयाची नव्हे. बालकाचे वजन डोळ्यांनी अजमावू नये. काटा नसेल तर घ्यावा.

आता कॅल्शियम. सेफ्ट्रियाक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की अविद्राव्य कण तयार होतात. नवजात बालकांत असे कण फुफ्फुसात व वृक्कांत आढळल्याच्या आणि बालके दगावल्याच्या नोंदींवरून २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या ज्या बालकास कॅल्शियमयुक्त द्रव शिरेवाटे चालू आहे वा लागणार आहे, त्यास हे औषध वर्ज्य आहे; कावीळ असलेल्या नवजातासही वर्ज्य, कारण ते रक्तातील बिलिरुबिनला त्याच्या वाहक प्रथिनापासून सोडविते आणि मेंदूस इजा होण्याची भीती असते. व्यवहारात मी असे सांगेन की पहिल्या महिन्यातील बालकास आपण हे इंजेक्शन देऊच नये, रुग्णालयात पाठवावे. मोठ्या माणसात आर. एल. आणि सेफ्ट्रियाक्झोन एकाच नळीतून एकाच वेळी देऊ नये. एकानंतर एक द्यावयाचे झाल्यास मध्ये साध्या सलाईनने नळी पूर्ण धुऊन घ्यावी. नॉर्मल सलाईन किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज यांत ते देता येते. अमिकासिनसारखी औषधे त्याच सिरिंजमध्ये मिसळू नयेत.

जागेविषयी सुश्रुतांचे मर्मविज्ञान ज्याने मनापासून वाचले आहे, त्यास निराळे सांगणे नको. कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायाची संवेदना व चेष्टा नष्ट होते, हे वर्णन नितंबात चुकीच्या ठिकाणी सुई गेल्यावर पाय लुळा पडलेला रुग्ण पाहिला की अंगावर येते. प्रौढात नितंबाचा वरचा बाहेरील चतुर्थांश. लहान बालकात नितंब टाळून मांडीचा पुढील बाहेरील भाग.

औषध चालू असताना उजव्या कुशीत वरच्या बाजूस दुखू लागले आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, तर शस्त्रकर्माची घाई नको. या औषधाचा कॅल्शियमशी झालेला साका पित्ताशयात जमतो आणि औषध थांबविल्यावर बहुधा आपोआप विरून जातो. क्रम पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा रक्तमिश्रित वा पाण्यासारखा तीव्र अतिसार झाल्यास त्याचा संबंध या औषधाशी जोडून पाहावा. स्तंभन औषधांनी तो दाबू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

या पत्रिकेच्या वाचकांत औषधी दुकानांचे मालक बहुसंख्येने आहेत. सेफ्ट्रियाक्झोन हे अनुसूची एच-१ मधील औषध आहे. १ मार्च २०१४ पासून अशा औषधाच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे: लिहून देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण, आणि ही नोंदवही तीन वर्षे जपावयाची. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ साली प्रतिजैविकांचे गट पाडले, तेव्हा यास विशेष लक्ष ठेवण्याच्या गटात घातले. कारण दूरचे नाही. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून आंत्रिक ज्वराचा जो जंतू पसरला, तो सेफ्ट्रियाक्झोनलाही दाद देत नाही. सिंधमधील जंतूस सीमेवर कोणी अडवीत नसते.

व्यवहारातील काही गोष्टी. खोक्यात कुपीबरोबर येते ती शुद्ध पाण्याची अँप्यूल. स्नायूत द्यावयाचे असल्यास चिकित्सकाने लिग्नोकेन लिहिले आहे का ते पाहावे, नसल्यास दूरध्वनी करून विचारावे. सल्बॅक्टमसह येणाऱ्या दीड ग्रॅमच्या कुपीत सेफ्ट्रियाक्झोन एकच ग्रॅम असते. एक ग्रॅम साध्या औषधाची चिठ्ठी असता ती परस्पर बदलून देऊ नये. रुग्ण वॉर्फरिन घेत असेल तर चिकित्सकास कळवावे, कारण रक्त अधिक पातळ होण्याचा संभव असतो. कुप्या उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात; उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर हे साधत नाही. देयकाविना आलेला स्वस्त माल घेऊ नये. आणि ॲड्रेनॅलिनच्या अँप्यूल दुकानात नेहमी असाव्यात, नफा नगण्य असला तरी.

सिरिंजविषयी २००९ सालची गुजरातेतील मोडासा परिसराची आठवण पुरे. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने तेथे कावीळ 'ब' पसरली आणि अनेकांचा बळी गेला. नवी सुई, नवी सिरिंज, प्रत्येक रुग्णास. मोठ्या कुपीत वापरलेली सुई पुन्हा बुडवणे हा पुनर्वापरच. सुई वापरताच कटरमध्ये, आणि तेथून न फुटणाऱ्या पांढऱ्या पेटीत.

त्या पांढुरक्या नळीच्या प्रसंगानंतर माझ्या चिकित्सालयात एक बदल झाला. मदतनीस कुपी उघडण्यापूर्वी औषधाचे नाव, रुग्णाचे नाव, चालू असलेले सलाईन आणि मार्ग मोठ्याने उच्चारतो. मी "होय" म्हटल्याशिवाय सुई टोचत नाही. सुरुवातीस रुग्ण हसत. आता एखादी आजी स्वतःच मला आठवण करून देते की मला मागे त्या लाल गोळीने गांधी उठल्या होत्या.

समोरच्या औषधी दुकानाच्या मालकांनी गतवर्षी मला दूरध्वनी केला. एक गृहस्थ थोरल्या मुलाची जुनी चिठ्ठी घेऊन धाकट्यासाठी सेफ्ट्रियाक्झोन मागत होते. बाळ किती दिवसांचे असे विचारता अकरा दिवसांचे निघाले, अंग तापलेले आणि डोळे पिवळे. मी बाळास पाहिले, आईच्या अंगाशी लपेटून घेण्यास सांगितले आणि त्याच गाडीने जिल्हा रुग्णालयात पाठविले. कुपी त्यांनी परत फळीवर ठेवली होती. त्या दिवशी त्यांच्या एच-१ च्या नोंदवहीत नोंद झाली नाही. त्यांनी वहीच्या मागील पानावर मात्र पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'वय विचारणे'.